पाळकांचा निरोप आणि रस्त्यापलीकडचा बाक

देवाच्या सेवकाला निवृत्ती नसते, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत फार गांभीर्याने सांगितलं जातं. सांगणारे बहुधा पंच कमिटीचे सभासद असतात आणि एवढं सांगून झालं की, पाळकगृह कधी रिकामं होईल, हा पुढचा प्रश्नही तेच विचारतात.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी सोलापूरला गेले ती अशाच एका न होणाऱ्या निवृत्तीसाठी. पास्टर दिनकर आढाव पूर्वी आमच्या नगरच्या मंडळीत बरीच वर्षं पाळक होते. तेव्हा संडे स्कूल आणि गायनमंडळ माझ्याकडे असे आणि उपदेश त्यांच्याकडे. म्हणजे मुलांना गप्प बसवणं माझं काम आणि मोठ्यांना जागं ठेवणं त्यांचं. माझं काम सोपं होतं. पुढे त्यांची सोलापूरला बदली झाली, मी शाळेतून निवृत्त झाले, पण फोन चालू राहिले. त्यामुळे निरोप समारंभाचं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणायला काही कारण नव्हतं. उन्हाचं कारण सांगता आलं असतं, पण सोलापुरात ते कुणी कारण म्हणून धरत नाही.

टेंभुर्णीपर्यंत

नगरहून निघालेली एसटी करमाळा मागे टाकून टेंभुर्णीकडे लागली की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि डब्यांची झाकणं उघडायला लागतात. माझ्या शेजारी केमच्या एक बाई होत्या. लेकीकडून परत निघाल्या होत्या आणि टेंभुर्णीला उतरून गावाकडची गाडी धरणार होत्या. त्यांनी मला न विचारता माझ्या हातावर धपाटं ठेवलं, आणि मग चौकशीचा हक्क मिळाल्यासारख्या विचारायला लागल्या.

"कुटं निघालाय?"

"सोलापूरला. आमचे पाळक निवृत्त होतायत. चर्चचे."

"म्हंजी तुमचं महाराज?"

"तसंच म्हणा."

"महाराज रिटायर हुत्यात?" त्यांनी धपाट्याचा घास हातातच धरला. "आमच्यात न्हाय बा हुत."

"मग काय होतं?"

"गादी चेल्याला देत्यात आन् सोता तितंच बसून ऱ्हात्यात. चेला बिचारा भाईर चपला संबाळतोय."

मी सांगितलं की आमच्यात नेमकं उलट आहे. निवृत्त पाळकाने आपल्या जुन्या मंडळीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. लग्न नाही, बारसं नाही, रविवारची उपासनाही दुसरीकडे. नव्या माणसाला मोकळीक मिळावी म्हणून. बाईंना हे ऐकून वाईट वाटलं.

"सून आली म्हनून सासूला गावाभाईर काडल्यागत झालं की!"

इतकी वर्षं मी ही पद्धत शहाणपणाची मानत आले होते. पुढचा अर्धा तास मी उसाकडे बघत राहिले.

टेंभुर्णीला गाडी थांबली. बाई उतरल्या आणि खिडकीतून उरलेली दोन धपाटी आत देऊन गेल्या. "तुमच्या म्हाराजांना द्या," म्हणाल्या. निरोप समारंभातली ही पहिली भेट, आणि भाषणाशिवाय मिळालेली एकमेव.

जुळे सोलापूर

आढाव पती-पत्नींनी निवृत्तीसाठी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आहे. पाळकगृहातलं निम्मं सामान इथे आलं होतं, निम्मं तिथेच होतं, आणि जे हवं असेल ते नेमकं दुसरीकडे असायचं. शालिनीताई, म्हणजे आमच्या पाळकीणबाई, चहाची गाळणी शोधत होत्या. शेवटी त्यांनी चहा ओढणीच्या टोकातून गाळला आणि "नगरला सांगू नका हं बाई," असं बजावलं. मी सांगितलेलं नाही, फक्त लिहिते आहे.

हॉलमध्ये एका भिंतीला चादरी होत्या. सोलापुरात माणसाचा सत्कार चादरीने करतात. आमच्या नगरला शाल आणि नारळ देतात. त्यातल्या नारळाला श्रीफळ म्हणावं की नाही, यावर आमच्या कमिटीची एकदा दोन बैठका चर्चा झाली होती आणि शेवटी नारळ द्यावा पण त्याचं नाव घेऊ नये असं ठरलं. सोलापूरकरांनी हा प्रश्नच ठेवलेला नाही. चादर कुठल्याही धर्माची नसते आणि अंगावर घेता येते. फक्त ती संपत नाही. महिला मंडळ, तरुण संघ, शेजारची मंडळी, दवाखान्यातले लोक, सगळ्यांनी आधीच घरी येऊन सत्कार उरकले होते, कारण रविवारी नंबर लागेल याची कुणालाच खात्री नव्हती. चादरींची चवड खिडकीच्या वर गेली होती आणि हॉलमध्ये दुपारी चार वाजता दिवा लावावा लागत होता.

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. आमच्याकडे भाकरी मऊ असणं ही सुनेची परीक्षा असते. इथे भाकरी वाळवून पापडासारखी करतात आणि ती मोडण्याचा आवाज शेजारच्या खोलीत गेला तर चांगली झाली म्हणतात. चटणी तिखट होती. मी दही घेतलं, मग आणखी दही घेतलं, मग नुसतं दही घेतलं.

जेवण झाल्यावर मंडळीचे सेक्रेटरी शमुवेलराव आले. उंच, उत्साही, बँकेतून निवृत्त झालेले, आणि आपण निवृत्त झालोय हे कुणी अजून न कळवलेले गृहस्थ. त्यांनी माझ्यासमोर मानपत्राचा कागद ठेवला.

"बाई, तुम्ही मराठीच्या. जरा नजर फिरवा. उद्या सकाळी लॅमिनेशन करून घेतो."

मी वाचलं. मजकूर मानपत्रात असतो तसाच होता, म्हणजे पास्टर आढाव हे दीपस्तंभ, वटवृक्ष आणि सारथी होते. एकाच माणसाने हे तिन्ही कसं जमवायचं, हा प्रश्न मी विचारला नाही. पण मधल्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'एक मंडळी, एक भाषा या तत्त्वासाठी त्यांनी एकभाषिक उपासनेचा धाडसी निर्णय घेतला.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

शमुवेलराव खुलले. "हा तर साहेबांचा सगळ्यात मोठा निर्णय! बाहेरच्या मंडळ्यांनी कौतुक केलंय याचं."

पास्टर आढाव खुर्चीत बसले होते. ते उठले आणि सगळ्यांचे कप घेऊन आत धुवायला गेले. नगरला असताना मी त्यांना कधी कप धुताना पाहिलं नव्हतं.

शमुवेलराव गेल्यावर सगळं कळलं. सोलापूरच्या या मंडळीत काही विणकर घरं तेलुगू बोलणारी आहेत. त्यांच्यासाठी उपदेशाच्या आधी दर रविवारी एक तेलुगू गीत होत असे. ते गायचे नरसय्या, मागावर आयुष्य काढलेले, आवाजाचे खणखणीत. पास्टर आढाव इथे आले आणि काही महिन्यांतच त्यांनी सूचनांच्या वेळी जाहीर केलं की यापुढे उपासना एकाच भाषेत होईल. नरसय्या उठले, पुस्तक पिशवीत घातलं आणि बाहेर गेले.

"दुसऱ्या चर्चमध्ये?" मी विचारलं.

"तिथे गेले असते तर बरं झालं असतं," शालिनीताई म्हणाल्या. "रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल आहे ना, तिथल्या बाकावर. दर रविवारी. पांढरा शर्ट, मांडीवर बायबल, तोंड चर्चकडे. उपासनेचा शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत बसतात, आशीर्वादाला उभे राहतात, मान खाली घालतात आणि घरी जातात. बायको आत पहिल्या बाकावर. येताना-जाताना रिक्षा मात्र एकच."

"आणि तुम्ही काही केलं नाही?" मी पास्टरांकडे वळून म्हटलं.

"काय नाही केलं ते विचारा, बाई." ते कप धुऊन परत आले होते आणि हात टॉवेलला पुसत होते. टॉवेलही सत्काराचाच होता. "मंडळीच्या वडीलजनांना पाठवलं. स्वतः घरी गेलो. चहा देतात, गुडघ्यांचं विचारतात, सुताचा भाव सांगतात. गाणं पुन्हा सुरू करतो म्हटलं. तर म्हणाले, साहेब, बंद करताना तत्त्व होतं. आता ते तत्त्व कुटं गेलं?"

"बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर आहे म्हणूनच उत्तर नाही." ते खिडकीपाशी गेले, चादरींमुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं. "उद्या माझ्या हातचं शेवटचं प्रभुभोजन, वेदीपाशी भाकर मोडून वाटायची शेवटची वेळ. भावाशी समेट कर आणि मगच वेदीपाशी ये, हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलं. उद्यानंतर मला त्या आवारात जायचं नाही. उद्या तो आत आला नाही, तर मी त्याला बाहेर ठेवूनच निवृत्त झालो."

"पण खरं कारण काय होतं? तत्त्व म्हणू नका. नगरला तुम्ही स्वतः वडाऱ्यांच्या वस्तीवर त्यांच्या बोलीत प्रार्थना केली आहे. मी होते तिथे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टॉवेलची नीट घडी घातली आणि उद्या लवकर उठायचं आहे म्हणून झोपायला गेले.

मंडळीचं आवार, रविवार

पाळकगृह आणि चर्च एकाच आवारात आहेत, एका चिंचेच्या दोन बाजूंना. एवढ्याशा अंतरात मिरवणूक बसत नाही, म्हणून कमिटीने असं ठरवलं होतं की पास्टरांना मागच्या फाटकातून बाहेर काढायचं, सगळ्या पेठेला वळसा घालायचा आणि पुढच्या फाटकातून आत आणायचं. यासाठी एक उघडी जीप आणली होती. ती एरवी नवरदेवांच्या सेवेत असते. फुलांच्या सजावटीतलं 'शुभविवाह' काढलं होतं, पण बदामाचा आकार तसाच राहिला होता. पास्टर आढाव फेटा बांधून त्या बदामापुढे उभे राहिले. शालिनीताई आणि मी मागे बसलो. पुढे बॅंड. त्यांना एकच ख्रिस्ती गीत येत होतं, आणि तेही वरातीच्या लयीत.

"बाई, मला हसवू नका," शालिनीताई दात आवळून म्हणाल्या. मी काहीच बोलले नव्हते.

ऊन चढलं होतं. जीप हळू चालवायची म्हणून हळू, त्याहून हळू, आणि पेठेच्या शेवटच्या वळणावर, चर्चच्या बरोबर समोर, ती बंद पडली. ड्रायव्हर उतरला, बॉनेट उघडलं, आणि वाफ आली. "गरम झाली," त्याने जाहीर केलं. पुढे बॅंड वाजतच राहिला, कारण त्यांना मागे बघायची सवय नव्हती.

डाव्या हाताला चहाचं हॉटेल होतं. बाकावर पांढऱ्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ, मांडीवर बायबल. ते जीपकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते.

पास्टर आढाव फेट्यासकट उतरले, रस्ता ओलांडून गेले आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसले. शमुवेलराव धावत निघाले, तेव्हा शालिनीताईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. मी मात्र उतरले. मला चहा हवा होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"फेटा बरा बसलाय," नरसय्या म्हणाले, समोर बघत.

"टोचतोय."

"टोचणारच ओ. सत्काराचा हाय." मग हॉटेलवाल्याला, "अरे, साहेबांना चहा दे की."

"नरसय्या, चहा नको. आज तरी आत चला."

"दर रविवारी येतोच की मी. हितं बसतो." त्यांनी मांडीवरचं बायबल सरळ केलं. "तुमचं तत्त्व आत, मी भाईर. भांडण न्हाय आपलं."

पास्टर आढावांनी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या कपाळावर लाल रेघ उमटली होती.

"तत्त्व नव्हतं," ते म्हणाले.

"आँ?"

"तत्त्व नव्हतंच, नरसय्या. तुमचं गाणं लांब होतं. मला उपदेशाला वेळ पुरत नव्हता. लोक घड्याळं बघायचे. लांब आहे म्हणायला मला लाज वाटली, म्हणून तत्त्व काढलं. मग लोकांनी त्याचं कौतुक केलं आणि मला ते परत ठेवता येईना."

नरसय्या पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. मी चहाचा ग्लास हातात धरून हॉटेलच्या पाटीवरचे भाव वाचत होते. इडलीचा भाव मला अजून पाठ आहे.

"येवढंच?"

"एवढंच."

"मग तवाच सांगायचं की ओ!" नरसय्यांचा आवाज खरोखरच खणखणीत आहे, बॅंडवाल्यांनी सुद्धा मागे वळून पाहिलं. "लांब हाय हे काय मला म्हाईत न्हाय? माझी बायको सुद्धा म्हन्ती, लई लांब हाय! चार कडवी म्हना म्हणला असतास तर चार म्हनली असती! आमची भाषा नको म्हणलास तू. माझ्या आईच्या भाषेला, भर सभेत!"

रागात त्यांनी पास्टरांना अरे-तुरे केलं होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"म्हणून सांगतोय. चुकलं माझं."

"हितं सांगून काय उपेग? हितं कोन ऐकतंय, ह्या बाई आन् हा चहावाला." मी पाटी आणखी बारकाईने वाचली. "घोषणा आत केलीस. आत सांग. मी दारात उभा ऱ्हातो. पुरं सांगितलंस तर आत येतो."

पास्टर आढावांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरून शमुवेलराव मानपत्र छातीशी धरून हातवारे करत होते. त्या कागदावर ते धाडसी निर्णय घेणारे दीपस्तंभ होते, आणि आत तीनेकशे लोक तेच ऐकायला बसले होते.

"चला," ते म्हणाले.

"त्या लग्नाच्या गाडीत मी न्हाय बसायचा."

"मीही नाही."

जीप तेवढ्यात सुरू झाली. बॅंड पुढे निघाला, त्यामागे रिकामी जीप, आणि त्यामागे चालत आम्ही सगळे, शालिनीताईसुद्धा. फाटकावर महिला मंडळ परातीत पाकळ्या घेऊन उभं होतं. त्यांना जीप दिसली की उधळायचं असं सांगितलेलं होतं, त्यामुळे सगळ्या पाकळ्या रिकाम्या बदामावर पडल्या. मागून पास्टर पायी आले तेव्हा पराती संपल्या होत्या.

उपासना सुरू झाली. पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे पुढच्या खुर्चीत, हातात भाषणाचा जाडसर गठ्ठा. नरसय्या दाराच्या चौकटीला टेकून उभे, उंबऱ्याच्या बाहेर. पहिल्या बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नीने एकदा मागे वळून पाहिलं आणि पदर नीट करत पुन्हा पुढे बघायला लागल्या.

शमुवेलरावांनी मानपत्र वाचायला घेतलं. दीपस्तंभ झाला, वटवृक्ष झाला. 'एकभाषिक उपासनेचा धाडसी निर्णय' आला आणि टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा पास्टर आढाव उभे राहिले.

"शमुवेलराव, ते वाक्य खोडा."

"साहेब?"

"खोटं आहे ते. तेलुगू गीत मी तत्त्वासाठी बंद केलं नव्हतं. ते लांब होतं आणि मला माझा उपदेश जास्त आवडत होता. भाषेचं कारण मी मागाहून जोडलं. नरसय्यांचा आणि त्यांच्या भाषेचा मी अपमान केला. त्याबद्दल देवाची, नरसय्यांची आणि तुमची क्षमा मागतो."

आमच्यात प्रार्थनेतही कुणीतरी खोकतं, तेव्हा कुणी खोकलं नाही. मग तेलुगू घरांच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं, आणि तोही हसायला लागला. शमुवेलराव कागदाकडे बघत उभे होते.

"लॅमिनेशन केलंय, साहेब," ते कळवळून म्हणाले.

दारातून चपला काढण्याचा आवाज आला. नरसय्या आत आले. मधल्या वाटेने सरळ पुढे, घाई नाही, इकडे-तिकडे बघणं नाही. पास्टरांसमोर थांबून त्यांनी हात पुढे केला आणि "सलाम, अय्यगारू," म्हणाले. तेलुगू लोक आपल्या पाळकाला मानाने असंच म्हणतात. पास्टरांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शालिनीताईंनी माझा रुमाल घेतला. तो मला परत मिळालेला नाही. त्याऐवजी एक चादर मिळाली.

"गीत म्हणाल?" पास्टरांनी विचारलं.

"चार कडवी म्हन्तो," नरसय्या म्हणाले. "येळंचं बगून."

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. डोळे मिटले आणि गायला लागले. मला तेलुगू येत नाही. चाल संथ आहे, विणकराच्या हाताला जमेल अशी, जाते आणि परत येते. तेलुगू बाक पहिल्या कडव्याला गुणगुणत होते, दुसऱ्याला गात होते. तिसऱ्याला मागच्या मराठी बाकांवरचे म्हातारेही सामील झाले. त्यांना ते अजून पाठ होतं. पास्टर आढाव वेदीपाशी डोळे मिटून उभे होते. मी पुष्कळ सत्कार पाहिले आहेत आणि बहुतेकांत माझं लक्ष पंख्याकडे असतं. त्या दिवशी नव्हतं.

चौथं कडवं झालं. नरसय्यांनी श्वास घेतला आणि पाचवं सुरू केलं.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा गठ्ठा आधी घडी घालून लहान केला, मग खिशात घातला, आणि मग परतीची गाडी होती म्हणून वाकून बाहेर पडले. जेवणाच्या मांडवातून दालच्याचा, म्हणजे मटण घातलेल्या डाळीचा, आणि भाताचा वास आला आणि बऱ्याच वेळाने येईनासा झाला. नरसय्यांच्या पत्नी पहिल्या बाकावर शांतपणे बसल्या होत्या. त्यांना कल्पना होती.

गीत संपल्यावर प्रभुभोजन झालं. नरसय्यांनी पास्टर आढावांच्या हातून भाकर घेतली, सगळ्यांच्या आधी.

गीताला एकूण सव्वीस कडवी आहेत. पास्टर आढावांचा शेवटचा उपदेश त्या दिवशी झाला नाही. वेळ उरला नव्हता.